जिथे तिथे आपला माणूस

शिवाजी महाराज आमच्या भेस्तानवरून गेले होते, हे मी सिद्ध करून दाखवू शकतो. कोणी विचारायची गरज नाही. उलट कोणी विचारलं की माझी गडबड होते. न विचारता सांगताना मुद्दे कसे ओळीने येतात.

५ जानेवारी १६६४ ला सकाळी सुरतेत हाकाटी उठली, की मराठे गणदेवीला येऊन पोचले. गणदेवी सुरतेच्या दक्षिणेला अठ्ठावीस मैल. मग बातमी आली, उधन्याला आले. आणि ६ तारखेला दुपारच्या आत महाराजांचा तंबू बऱ्हाणपूर दरवाजाबाहेरच्या बागेत पडलासुद्धा. इथवर इतिहास. यापुढे मी. गणदेवीहून उधन्याला येणारा माणूस उधन्याच्या आधी कुठे पोचेल? पश्चिम रेल्वेला विचारा. नवसारी, मरोली, सचिन, भेस्तान, उधना. महाराज काही पांडेसऱ्याला वळसा घालून आले नसणार, घाई होती. तेव्हा ते हजारो घोडे जिथून दौडत गेले तिथे आज आमच्या सोसायटीचं पार्किंग आहे. अगदी तिथेच असं मी म्हणत नाही. जिन्याच्या बाजूला थोडं इकडेतिकडे असेल.

समुद्रकाठच्या गावांना शनिवार-रविवार जोडून जायचं ठरलं तेव्हा बाकी तिघांनी पहिली अट घातली ती ही, की गाडीत महाराजांचे घोडे आणायचे नाहीत. अट घालणाऱ्यांत आप्पा होता म्हणून मान्य करावी लागली, कारण गाडी आप्पाची. आप्पा पांडेसऱ्याच्या एका डाइंग मिलमध्ये कलर मास्टर. मूळचा शिरपूरकडचा, पण आता त्याच्या नखांच्या कडांना कायम कुठल्या तरी साडीचा रंग असतो. तो बघून चालू सीझनला काय खपतंय ते कळतं. दुसरे मास्तर. महापालिकेच्या मराठी शाळेत शिकवतात, आणि सहलीतही डोकी मोजल्याशिवाय गाडी सुटू देत नाहीत. तिसरा आमचा शेठ. हा मात्र अस्सल सुरती. यार्नचा व्यापारी. सुरती माणसाच्या तोंडी शिवी ही विरामचिन्हासारखी येते असं म्हणतात. शेठच्या बोलण्यात विरामचिन्हंच जास्त आणि वाक्यं कमी. तेव्हा या लेखात त्याचं बोलणं बरंच गाळून दिलंय, हे वाचकांनी समजून घ्यावं.

शेठचा आणि माझा वाद जुना आहे. सुरतेच्या लुटीबद्दल त्याला राग नाही, हिशेब आहे. ‘पहेली वार आव्या त्यारे लूंटीने जता रह्या,’ तो म्हणतो, ‘आ वखते तो रही ज गया!’ मी त्याला सांगतो, की मुघलांचा सुरतेतला अंमलदार इनायतखान किल्ल्यात दडून बसला, त्याला बोल. इंग्रजांनी आपली वखार राखली. एस्कालियट नावाचा त्यांचा पाद्री त्यानंतर मायदेशी लांबलचक पत्र लिहीत बसला होता. म्हणजे ज्याला काम होतं त्याने काम केलं. शेठ या कशालाच बधत नाही. त्याला त्या प्रकरणातली एकच गोष्ट आवडते: लूट झाल्यावर औरंगजेबाने सुरतेच्या व्यापाऱ्यांना एक वर्षाची जकात माफ केली. हे मीच त्याला सांगितलं, आणि तेव्हापासून जीएसटीचं रिटर्न भरायची तारीख जवळ आली की त्याचा मला फोन येतो, ‘भाई, तारा महाराज पाछा क्यारे आवे छे?’

तर अट झाली, आणि अटीवर पैज झाली. मास्तर म्हणाले, याला सवय आहे, जिथे जाऊ तिथे हा एक मराठी माणूस उकरून काढणार. शेठ म्हणाला, काढू दे. प्रत्येक गावात मराठी माणूस निघाला तर चहा माझा. नाही निघाला तर याचा. मी पैज घेतली. अशी पैज मला आयुष्यात कोणी लावेल असं वाटलं नव्हतं. ही म्हणजे माशाशी पोहण्याची पैज.

नवसारी समुद्रकाठची नाही, पण वाटेत लागते. शेठ आधीच उड्या मारायला लागला: जमशेटजी टाटा, जन्म १८३९, नवसारी, पारशी, आण चहाचे पैसे. मी शांतपणे म्हणालो, नवसारी हा बडोदा संस्थानाचा प्रांत. बडोद्याचे महाराज कोण? सयाजीराव. जन्म कुठला? कवळाणे, मालेगावजवळ. पोरांना सक्तीचं प्राथमिक शिक्षण, आंबेडकरांना परदेशी शिकायला शिष्यवृत्ती, हे सगळं करणारा माणूस आमच्या बाजूच्या शेतकऱ्याचा पोरगा. ‘आमच्या बाजूच्या’ म्हणताना मी नाशिक जिल्हा खानदेशात ओढून घेतला हे मास्तरांच्या लक्षात आलं, पण शिक्षणाचा विषय निघाल्याने ते भारावले होते. चहा शेठचा.

दांडीला सकाळच्या उन्हात आम्ही पोचलो. २०१९ साली तिथे मोठं स्मारक झालंय. गांधीजी आणि त्यांच्यामागे चालणाऱ्या सत्याग्रहींचे पुतळे ओळीने उभे आहेत, आणि शाळेच्या सहलीतली पोरं त्या ओळीच्या शेवटी उभी राहून फोटो काढतात. जवळच ती सैफी विला, जिथे ५ एप्रिल १९३० ची रात्र गांधीजींनी काढली. दुसऱ्या दिवशी सकाळी मूठभर मीठ उचललं. मी पुतळ्यांकडे बोट करून म्हणालो, यात पंडित खरे आहेत. नारायण मोरेश्वर खरे. विष्णु दिगंबर पलुसकरांचे शिष्य, साबरमती आश्रमाचे गवई, पहिल्या तुकडीत होते. सगळी वाट भजनं कोणी सांभाळली असतील? ‘कयो?’ शेठने विचारलं. कुठला पुतळा त्यांचा हे दाखवता येईना. पण आप्पाने कौल दिला की माणूस होता ना, मग झालं, आणि त्याला चहाची तल्लफ आली होती.

इथेच मी ती बाटली भरली. भरती उतरलेली होती. आमच्या बाजूला भरती उतरते म्हणजे समुद्र घर सोडून जातो. चिखलातून बरंच चालत जाऊन मी कोल्ड्रिंकची मोठी रिकामी बाटली बुडवली. या किनाऱ्याला पाणी निळं नसतंच. खंभातच्या आखातात नद्या गाळ आणून टाकतात आणि भरती-ओहोटी तो घुसळत ठेवते, त्यामुळे पाण्याचा रंग दुधाच्या चहाच्या अलीकडे आणि गढूळ नदीच्या पलीकडे. परत आलो तेव्हा तिघांनी विचारलं, हे काय? मी म्हणालो, मीठ करून बघणार आहे. घरच्या गच्चीवर. इतिहास हाताने समजून घ्यावा लागतो.

‘मीठ वीस रुपयांना मिळतं,’ शेठ म्हणाला. मी त्याच्याकडे दांडीच्या पुतळ्याने जीएसटीवाल्याकडे बघावं तसं बघितलं.

आता जरा थांबतो, कारण उबाडियुं आलं. हायवेवर वलसाडच्या अलीकडे डुंगरीच्या आसपास थंडीत दोन्ही बाजूंना धूर दिसायला लागतो. परगावच्या माणसाला वाटतं कुठे तरी पाचोळा पेटलाय. ते माठ पेटलेले असतात. वालपापडी, रताळी, कंद, बटाटे, सगळ्यांना हिरव्या लसणीचा, मिरचीचा, आल्याचा मसाला. माठात आधी रानातला एक उग्र वासाचा पाला, मग भाजी, वर पुन्हा पाला. पाणी नाही, तेलाचा थेंब नाही. माठ उपडा करायचा आणि चारी बाजूंनी जाळ. भाजी आपल्याच वाफेत आणि पाल्याच्या वासात शिजते. मग ते सगळं पत्रावळीवर, बाजूला हिरवी चटणी आणि ताक. हे खाताना माणसाने बोलू नये. मी बोललो. मी म्हणालो, ही आमची पोपटी.

झालं. शेठने रताळं खाली ठेवलं. उबाडियुं हे अनाविल ब्राह्मणांचं, दक्षिण गुजरातचं, वलसाडचं. त्यावर महाराष्ट्राने हक्क सांगावा म्हणजे हद्द झाली. मी म्हणालो, अलिबागला ये. माठ तोच, उपडा तसाच. वालाच्या शेंगा त्याच, पाला फक्त भांबुर्डीचा. रायगडातली माणसं थंडीत शेतात रात्री जाळ करून बसतात. शेठ म्हणाला, त्यात लसूण हिरवी घालतात का? मी म्हणालो, ते घरावर आहे. शेठ म्हणाला, मग ती पोपटी नाही, आळस आहे. वाद इतका वाढला की उबाडियुंवाला काका मधे पडला. त्याने आम्हाला दोघांनाही आणखी एकेक पाव किलो दिलं आणि त्याचे पैसे घेतले. या वादातला खरा मुत्सद्दी तो. खरं सांगायचं तर अलिबागच्या पोपटीशी माझा संबंध एका मित्राच्या मेहुण्याच्या आमंत्रणापुरता. मी खानदेशी. आमच्याकडे समुद्र नाही, वालाच्या शेंगांचं एवढं कौतुक नाही. थंडीत हुरडा खातात, जो सुरतेत पोंक म्हणून मिळतो आणि शेव घालून खातात. कोकणाच्या वतीने भांडायचा अधिकार मला कोणी दिलेला नव्हता. पण सुरतेत राहणाऱ्या मराठी माणसाला वकीलपत्र लागत नाही. तो सगळ्या महाराष्ट्राचा बिनपगारी वकील असतो.

तिथलला वाळू काळी आहे. साईबाबांचं देऊळ किनाऱ्यावरच आहे, आणि साईबाबा शिर्डीचे. पुढे काही बोलायची गरज पडली नाही. शेठने न बोलता पाकीट काढलं.

उदवाड्याला मात्र मी गप्प झालो. अरुंद गल्ल्या, ओट्यांची जुनी पारशी घरं, आणि आतशबेहरामच्या फाटकाबाहेरून बघायचं. आत फक्त पारशी जातात. आम्ही चौघं बाहेर उभे राहिलो, जसं एखाद्याच्या घरच्या लग्नाला मांडवाबाहेर उभं राहावं. ही आग, इराणशहा, इथे १७४२ साली आली. त्याआधी तिने किती घरं बदलली! संजाणला पेटवली, मग धोका आला म्हणून बहरोटच्या डोंगरातल्या गुहेत नेली, मग वांसदा, मग नवसारी, मधे काही वर्षं आमच्या सुरतेत, मग पुन्हा नवसारी, वलसाड, आणि मग उदवाडा. भाड्याची खोली बदलणाऱ्या माणसाला हे लगेच कळतं. सामान हलवताना प्रत्येक वेळी बाकीचं सोडून द्यायचं पण चुलीतला निखारा सांभाळून न्यायचा.

माझे वडील भुसावळ पॅसेंजरने सुरतेला आले. सोबत वळकटी आणि मिलमधल्या एका गाववाल्याचा पत्ता. तापीच्या बाजूबाजूने येणारी ती लाईन. प्रकाशा, मुडावदला जी तापी त्यांनी बघितली होती तीच उकाईवरून उतरून सुरतेला येते, आणि डुमसला समुद्राला मिळते. खानदेशातली माणसंही तशीच उतरत आली. उधना, लिंबायत, पांडेसरा, भेस्तान. नदी पुढे समुद्रापर्यंत गेली, माणसं अलीकडेच थांबली. भेस्तानहून डुमस काही लांब नाही. पण वडिलांना समुद्र बघायला कधी जायला मिळालं असं मला आठवत नाही. मिलला सुट्टी असली की ते गावी जात. मग वडील गेले. होते तोवर त्यांना रेशनच्या दुकानात, बँकेत, सगळीकडे एकच प्रश्न असायचा, ‘तमे तो महाराष्ट्रना ने?’ आणि गावी गेलं की ओट्यावरची म्हातारी डोळ्यांवर हात धरून म्हणायची, ‘सुरतवाला उनात वाटस.’ दोन्ही बाजूंनी प्रेमाने विचारलेलं. पण दोन्हीकडे पाहुणाच.

पारशी येऊन हजार वर्षं होऊन गेली, आम्हाला दोन पिढ्या. दुधात साखर विरघळते तसे ते गुजरातेत विरघळले, ती गोष्ट शेठने तिथे पुन्हा सांगितली. मग माझ्याकडे बघून म्हणाला, ‘तमे शुं? दूधमां शुं नांख्युं तमे?’ मास्तर ताडकन म्हणाले, ‘आम्ही? आम्ही मिरची. आणि दूध नाही, शेवभाजी.’ आप्पा इतका हसला की फाटकावरच्या माणसाने वळून बघितलं.

‘अने मराठी माणस?’ शेठने खिशातला हात बाहेर काढला नाही. ‘उदवाडामां कोण?’

मी बहरोटवर आलो. बहरोटचा डोंगर कुठे आहे? बोर्डी-घोलवडच्या मागे. डहाणू तालुका, पालघर जिल्हा. परंपरा सांगते की ती आग त्या गुहेत बारा वर्षं होती. म्हणजे इराणशहा बारा वर्षं महाराष्ट्रात राहून आलाय. मग डोमिसाइल मागायला काय हरकत आहे! शेठ अवाक झाला. त्या काळी महाराष्ट्र राज्य नव्हतं, पालघर जिल्हाही परवा परवा, २०१४ साली झाला, एवढं त्याच्या लक्षात यायच्या आत मी मसाल्याच्या चहाची ऑर्डर दिली.

रात्री दमण. सुरतेचा माणूस दमणला का जातो हे मी इथे समजावून सांगणार नाही. गुजरातेत दारूबंदी आहे हे सगळ्यांना माहीत आहे आणि दमण गुजरातेत नाही हेही. आप्पा आणि शेठ त्यांच्या अभ्यासाला बसले. मास्तर आणि मी लिंबू सोडा. पोर्तुगीज इथे १५५९ पासून १९६१ च्या डिसेंबरपर्यंत होते, त्यांचे किल्ले अजून नदीच्या दोन्ही बाजूंना उभे आहेत, आणि मी खिडकीतून ते दाखवत होतो. पण कोणाचं लक्ष नव्हतं. पैज मात्र कोणी विसरलं नव्हतं.

‘बाबूजी,’ मी म्हणालो. ‘सुधीर फडके.’

मास्तरांनी ग्लास ठेवला. मराठी मास्तरांसमोर हे नाव काढलं की ते उभे राहायच्या बेतात असतात. २ ऑगस्ट १९५४ ला ज्यांनी सिल्वासा पोर्तुगिजांकडून घेतलं त्या स्वयंसेवकांमध्ये सुधीर फडके होते, बाबासाहेब पुरंदरे होते. आज दिवाणखान्यात ज्याची गाणी ऐकतो तो माणूस पावसाळी रात्री जंगलातून सिल्वाशाकडे चालत गेला.

शेठला चढली होती, पण व्यापारी चढल्यावरही व्यापारीच राहतो. ‘बिल दमणनुं,’ तो म्हणाला, ‘ने पुरावो सिल्वासानो? नहीं चाले.’

मी सोड्याचा घोट घेतला आणि म्हणालो, २६ जानेवारी २०२० पासून दादरा-नगर हवेली आणि दमण-दीव हा एकच केंद्रशासित प्रदेश आहे. राजपत्र बघून घे. आयुष्यात फार थोड्या वेळा इतिहास आणि प्रशासन एकाच माणसाच्या बाजूने एकत्र येतात. त्या रात्री मी झोपलो तेव्हा माझ्याच विद्वत्तेच्या उबेने मला पांघरूण लागलं नाही.

सकाळी हद्दीवरच्या नाक्यावर गाडी अडवली. सुरतेची गाडी, दमणहून येतेय, आत चार पुरुष, रविवार सकाळ. आम्ही काहीच आणलं नव्हतं. रात्रीचं रात्री संपलं होतं. पण नाक्यावरच्या हवालदाराचा इतका विश्वास उडालेला असतो की निष्पाप माणूस दिसला की तो जास्त वेळ शोधतो. त्याने डिकी उघडली. पिशव्या, चपला, उबाडियुंची उरलेली पुडी. आणि माझी बाटली. रात्रभर स्थिर राहून गाळ खाली बसला होता, मग गाडी हलली आणि पुन्हा वर आला. कोल्ड्रिंकची बाटली, आत तपकिरी पाणी. माझ्या तोंडावरचा भाव मला दिसत नव्हता, पण त्याला दिसला.

‘आमां शुं छे?’

‘दरियानुं पाणी, साहेब.’

त्याने वास घेतला. मग पुन्हा वास घेतला. मी त्याला दांडी, ६ एप्रिल १९३०, मिठाचा कायदा सगळं सांगायला सुरुवात केली, पण त्याने हात वर केला.

‘पीने बतावो.’

मी शेठकडे बघितलं; तो आकाशाकडे बघत होता. मी एक घोट प्यायलो. दांडीच्या चिखलाचा स्वाद माझ्या जिभेवर अजून आहे. समुद्राचं पाणी खारट असतं हे भूगोलात सांगतात, त्यात वाळू असते हे सांगत नाहीत. हवालदाराला समाधान झालं नाही. त्याने आणखी पिशव्या उघडल्या आणि मास्तरांच्या पिशवीतून डब्याच्या खाली गुंडाळून ठेवलेली एक बाटली काढली. तपकिरी. मग आप्पाच्या सीटखालून पाच लिटरचा कॅन. तपकिरी.

त्या क्षणी नाक्यावर जी शांतता होती ती फक्त खानदेशी माणसांनाच कळेल. मास्तर म्हणाले, ‘तिथलचं आहे. आमच्या हिच्या पायांना.’ आप्पा म्हणाला, ‘मन्ही मायना गुडघा.’ आणि दोघांनी माझ्याकडे बघितलं. माझ्या गच्चीवरच्या मिठाच्या प्रयोगाबद्दल ते एकही अक्षर बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

आमच्या गल्लीत कोणीतरी सांगितलं होतं, समुद्राचं पाणी गरम करून त्यात पाय बुडवून बसलं की गुडघेदुखी उतरते. डॉक्टरांनी तसं काही म्हटलेलं नाही. पण माझी माय कधी काही मागत नाही. तिने हळूच विचारलं होतं, जाताय तर बाटलीभर पाणी मिळेल का, आणि मला चारचौघांत ते सांगायला लाज वाटली. गांधीजी सांगायला लाज वाटली नाही.

‘चार जणा, त्रण बाटली, ने बधामां दरियो?’ हवालदाराने शेठकडे वळून विचारलं, ‘तमारी क्यां छे?’ शेठने पहिल्यांदाच या सहलीत शिवी न देता उत्तर दिलं. म्हणाला, मी सुरतचा आहे साहेब, मला समुद्र घरपोच मिळतो.

उंबरगावला मी जिंकलो, पण त्यात मजा नव्हती. १९६० पर्यंत हा तालुका ठाणे जिल्ह्यात होता, हे सांगितल्यावर शेठ म्हणाला की टीव्हीवरचं रामायण इथेच चित्रित झालं, आणि त्यातला रावण अरविंद त्रिवेदी, म्हणजे गुजराती. हे त्याने अभिमानाने सांगितलं की पश्चात्तापाने ते कळलं नाही. किनाऱ्याच्या रस्त्याने झाईवरून आम्ही बोर्डीत आलो. महाराष्ट्र! पाट्या मराठी, सुरूची झाडं, चिकूच्या टोपल्या. दोन दिवस मी इतरांच्या गावांत मराठी माणूस शोधत होतो. आता स्वतःच्या राज्यात आल्यावर मी गाडीतून उतरताना जरा रुंद झालो होतो.

सुरूखालच्या एका छोट्या हॉटेलात बसलो. गाडीच्या जीजे ०५ कडे बघून मालक हिंदीत बोलायला लागला. मी मराठीत उत्तर दिलं. साधं नाही, मी ठेवणीतलं मराठी काढलं. ‘आपल्याकडे आज ताजी मच्छी कोणती उपलब्ध आहे?’ असं काहीतरी. ‘उपलब्ध’ म्हणताना मला स्वतःचा गौरव वाटला. मालक ऐकत राहिला. मग कौतुकाने म्हणाला, ‘गुजराती असून मराठी फार छान बोलता हो तुम्ही.’

मास्तरांनी घाईघाईने पाण्याचा ग्लास तोंडाला लावला. त्यांच्या शाळेत वर्गातली पोरं दरवर्षी कमी होतात, आणि त्यांना ते वाक्य माझ्यापेक्षा जास्त लागलं हे मला नंतर कळलं. त्यांनी आयुष्यभर सुरतेत पोरांच्या वह्यांत ‘ळ’ दुरुस्त केलाय. मी काहीतरी बोलणार होतो. काय, ते मला आज सांगता येत नाही. गणदेवी-भेस्तान-उधना हे मुद्दे ओठांवर होते. पण तेवढ्यात जेवण आलं, आणि जेवण संपल्यावर शेठ उठून गल्ल्याशी गेला. मार्केटमध्ये खानदेशी कारागिरांशी बोलून बोलून त्याला जी अहिराणी येते तिच्यात त्याने विचारलं, ‘काय भो, कितला व्हयनात?’

मालकाचा चेहरा उजळला. ‘अरे वा! खानदेशातले का तुम्ही? जळगावचे?’

शेठने मागे वळून माझ्याकडे बघितलं. व्यापारी इतका सभ्यपणे हसू शकतो हे मला माहीत नव्हतं. ‘भेस्तान,’ तो म्हणाला. आणि मालकाने त्याला चिकू दिले, भेट म्हणून. आम्हाला नाही.

गाडीत बसताना त्याने पैज काढली. बोर्डी: मराठी माणूस सापडला? मास्तर म्हणाले, सापडला. आप्पा म्हणाला, सापडला, पण तो शेठ आहे. चहा कोणाचा, यावर तलासरीपर्यंत एकमत झालं नाही. शेवटी मी दिला. मला वाटतं तो दिला नसता तर शेठ अजून अहिराणीत बोलत बसला असता.

घरी पोचलो तेव्हा उशीर झाला होता. माय जागी होती. बाटली मी तिच्या हातात दिली. तिने ती दिव्याकडे धरली. तापीचं पाणी बघितलेली बाई. तिला हा रंग पटला नाही. हलवून बघितली. झाकण काढून वास घेतला. मी सांगायला लागलो की दांडीचं आहे, गांधीजींचं दांडी, ६ एप्रिल. तिने मधेच थांबवलं. हे समुद्राचं नाही, ती म्हणाली, तू मिलच्या मागच्या खाडीतून भरून आणलंस, रस्त्यात विसरला असशील आणि इथे येऊन भरलंस. मी शपथ घेतली. आप्पाला फोन लाव म्हणालो. मास्तरांना विचार म्हणालो. नाक्यावरच्या हवालदाराने तपासलंय म्हणालो, आणि मग त्याने कसं तपासलं तेही बोलून गेलो.

मायने बाटली माझ्यासमोर धरली.

‘मंग मन्हासमोर पी दखाड.’